शेरा : माशी

पुण्या-मुंबईहून निवृत्त होऊन लोणावळ्याला राहायला आलेला माणूस पहिल्या पावसाळ्यात कवी होतो, दुसऱ्यात त्याला दमा होतो आणि तिसऱ्यात तो बंगला भाड्याने देऊन परत जातो. चौथा पावसाळा जो इथे काढतो, त्याला काहीतरी छंद जडलेला असतो. कुणी राजमाचीच्या वाऱ्या करतो, कुणी कार्ल्याच्या लेण्यांवर बोलत सुटतो, कुणी तुंगार्लीच्या रस्त्यावरचं प्लास्टिक वेचतो. आमच्या कॉलनीतल्या नानांना अळ्या लागल्या.

नाना म्हणजे बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यात हयात घालवलेला माणूस. कुणी पेढे दिले तरी आधी खोक्याखालची तारीख वाचणारा. डोक्याला माकडटोपी, अंगात रेनकोट, पायात गमबूट आणि गळ्यात काळ्या गोफात ओवलेलं घड्याळजीचं भिंग. या वेषात ते संध्याकाळी कुंपणाच्या झुडपात कमरेपर्यंत शिरलेले असतात. भुशी डॅमवरून ओलेचिंब परतणारी मुलं थांबून विचारतात, "काका, काही हरवलंय का?" नाना मान वर न करता सांगतात, "सापडलंय."

सुरुवात फुलपाखरांपासून झाली. 2015 साली महाराष्ट्राने ब्लू मॉर्मन हे राज्य फुलपाखरू जाहीर केलं आणि स्वतःचं राज्य फुलपाखरू असलेलं ते देशातलं पहिलं राज्य ठरलं. ही बातमी नानांच्या वाचनात जरा उशिराने आली, पण आल्यावर त्यांनी ती सरकारी परिपत्रकासारखी मनावर घेतली. बागेतला गुलाब काढून लिंबू लावलं, पपनस लावलं, कढीपत्ता होताच. बायकोच्या, म्हणजे माईंच्या, लोणच्याच्या बरण्या रिकाम्या करून त्यांच्या तोंडाला मलमलीचे तुकडे बांधले. आणि एक रजिस्टर घातलं. दिनांक, झाड, अळीचं वर्णन, कोषाची तारीख, निकाल, शेरा.

त्या बरण्यांतल्या अळ्या सुरुवातीला पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात. माईंनी दोनदा ओल्या फडक्याने पान पुसून काढलं. तेव्हापासून बरण्यांवर 'पुसू नये' अशी चिठ्ठी आली. मोठी झाली की अळी हिरवीगार होते, आणि डिवचली की डोक्यामागून दुभंगलेलं लाल-नारिंगी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. नाना पाहुण्यांना ते शिंग मुद्दाम काढून दाखवत. पाहुणे लवकर निघत.

निकालाच्या रकान्यात मात्र फुलपाखरू काही लागेना. पहिल्या पावसाळ्यातल्या नोंदी मी स्वतः वाचल्या आहेत : 'माशी.' 'माशी.' 'बारीक माश्या, असंख्य.' 'बुरशी.' 'पाणी झाले.' अळी पाळावी फुलपाखरासाठी आणि बरणीतून निघावी माशी, हे इन्स्पेक्शनवाल्याला कसं सोसणार? आत एक खातं उघडलेलं आणि बाहेर दुसऱ्याच्याच नावाने रक्कम उचललेली! नानांनी चौकशी लावली.

चौकशीत उघड झालं ते असं. रानातल्या अळ्यांवर गांधीलमाश्यांच्या आणि साध्या माश्यांच्या शेकडो जाती जगतात. काही अळीच्या अंड्यात अंडं घालतात, म्हणजे अळी जन्मायच्या आधीच तिचा निकाल. काही अळीच्या अंगात सुई खुपसून अंडी सोडतात. त्यातल्या काही तर अंड्यांबरोबर एक विषाणूही टोचतात, जो अळीची प्रतिकारशक्ती लुळी पाडतो. टॅकिनिड कुळातल्या माश्या अळीच्या कातडीवर अंडी चिकटवतात; काहींची अंडी पानावरच असतात आणि अळी ती पानाबरोबर गिळते. आतली पोरं अळीला खातात, पण हिशेबाने. जी इंद्रियं चालू राहिल्याशिवाय अळी जगणार नाही, ती शेवटपर्यंत राखून ठेवतात. अळी बाहेरून ठणठणीत दिसते, चरत असते, आणि एक दिवस अंगातून पोरं बाहेर पडतात.

"म्हणजे ताळेबंद चोख आणि तिजोरी रिकामी," नाना म्हणाले. असल्या शाखा त्यांनी पाहिल्या होत्या.

मग पहारा सुरू झाला. कोषात जाण्याआधी अळी खाणं थांबवते, काडीवर रेशमाची गादी विणते, कमरेला धाग्याचा पट्टा बांधते आणि निश्चल होते. कातडी उतरल्यावर नवा कोष काही तास मऊ असतो. नेमक्या याच वेळेसाठी काही चिमुकल्या गांधीलमाश्या अळीशेजारी ताटकळत बसतात, हे वाचल्यापासून नाना खुर्ची टाकून रात्रभर लिंबाखाली बसले. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात माईंचा भाकरी फुंकायचा पंखा. पहाटे माईंनी चहाला हाक मारली. नाना कप घेऊन परत येईतो मऊ कोषावर तीन माश्या चढलेल्या. मोहरीपेक्षा लहान. कुणालाच घाई नव्हती. एकीचं काम आटोपलं की ती बाजूला सरकून शिंगं साफ करी आणि दुसरीला जागा देई. नानांनी पंखा हाणला तो कोषालाच लागला.

तरी कोष वाचला. पंधरवड्याने त्याला टाचणीएवढं भोक पडलं आणि हिरव्या धातूच्या चमकेच्या माश्या ओळीने बाहेर येऊ लागल्या. नाना मोजत होते. पण काही जणी चष्म्यावर येऊन बसल्यावर मोजणी थांबली. शेरा : 'चहा नडला.'

त्या हिवाळ्यात नाना सुडाने पेटले होते. वाचन वाढलं. 1865 साली फ्रान्समधला रेशीमधंदा बुडायला आला तेव्हा लुई पाश्चरना बोलावणं गेलं आणि त्यांनी काय केलं, हे ते रेशनच्या रांगेतही सांगत. रेशीमकिड्यांना पेब्रिन नावाचा रोग होता. त्याचा जंतू आईकडून अंड्यांत उतरतो. पाश्चरनी सांगितलं, मादीने अंडी घातली की तिला वाटून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. तिच्यात जंतू दिसला तर तिची सगळी अंडी जाळा. आजही रेशीमबियाण्याची तपासणी याच तत्त्वावर चालते. "आधी आईची कागदपत्रं, मग पोरांना कर्ज," नाना समजावून सांगत. सूक्ष्मदर्शक आला. तो जेवणाच्या टेबलावर बसला आणि जेवण ओट्यावर गेलं. पुढे 1980 साली उझी माशी बंगालमधून कोषांबरोबर कर्नाटकात कशी पोचली आणि तिने रेशीमवाल्यांच्या तोंडचं पाणी कसं पळवलं, हेही प्रकरण आलं. "अंगावर काळा ठिपका दिसला की समजायचं, आत उझी आहे," असं म्हणून नाना एकदा माझ्या कोपरावरचा तीळ बराच वेळ भिंगातून बघत होते.

खरी कलाटणी मिळाली ती दूधवाल्या मामांमुळे. मामा नाणे मावळातले. घरचं इंद्रायणीचं भात. हा तांदूळ वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने 1987 साली दिला. तेव्हापासून पुण्याच्या घरांत भाताला वास येतो तो मावळाचा. त्या सकाळी नाना पेपराची गुंडाळी करून लिंबाभोवती माश्या मारत होते. मामा किटली टेकवून बघत राहिले.

"काय करताय नाना?"

"अळ्यांचे शत्रू मारतोय."

"आवो, ज्या माश्या तुमी मारताय त्याच आमी इकत आनतो."

मामांनी सदऱ्याच्या खिशातून जाड कागदाचा तुकडा काढला. त्यावर काळपट, बारीक कण चिकटवलेले. ट्रायकोकार्ड. तांदळात जाळी करणाऱ्या पतंगाची अंडी कागदावर चिकटवतात आणि त्यांत ट्रायकोग्रामा नावाची अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी आपली अंडी घालते. एका पूर्ण कार्डावर सुमारे 20 हजार. पट्ट्या कापून पानाच्या मागच्या बाजूला टाचायच्या. माश्या निघतात आणि खोडकिड्याची अंडी हुडकून त्यांत आपली घालतात. भाताला हेक्टरी 50 हजार माश्या सोडायची शिफारस आहे.

नाना भिंग लावून म्हणाले, "पण ही जात वेगळी दिसते."

"जात येगळी आसंल, धंदा त्योच," मामा म्हणाले. मग बरणीत उलट्या लटकून काळ्या पडलेल्या अळ्या बघून त्यांनी जीभ चावली. "ह्या फेकताय व्हय? हरभऱ्याला घाटे आळी पडली की आसल्याच आळ्यांचं पानी फवारत्यात."

मामा नुसते बोलत नव्हते. 'पाणी झाले' असा शेरा मिळालेल्या अळ्यांना विषाणूचा आजार असतो. आजारी अळी झाडाच्या शेंड्याकडे चढते, तिथे पायांवर लटकते, तिच्या अंगाचं पाणी होतं आणि ते ठिबकून खालच्या पानांवर विषाणू पसरतो. अळीला असं वर चढवणारं जनुक विषाणूत असतं, हे अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी 2011 साली एका जंगली पतंगाच्या अळीवर दाखवलं. त्याच तऱ्हेचा विषाणू आपल्याकडे घाटे अळीवर वापरतात. हेक्टरी 250 रोगट अळ्यांचा अर्क पुरतो. म्हणजे नानांनी पावसाळाभर गटारात ओतलं ते औषध होतं.

त्या रात्री नानांनी पक्ष बदलला. आवाज मात्र तोच राहिला.

आता ते अळीला अळी म्हणेनासे झाले. माईंनी कढीपत्त्यावरची अळी चिमट्यात धरली की आतून ओरडा येई, "थांब! ती अळी आहे असं समजू नकोस. तो नुसता पत्ता आहे. राहणारे कोण आहेत ते अजून कळलेलं नाही." रजिस्टरचे रकाने वाढले. कारण कळलं की अळीतल्या माशीच्या पोरांतही दुसरी, आणखी बारीक माशी अंडी घालते, आणि कधीकधी तिच्याही पोरांत तिसरी. बँकेत शाखेवर ऑडिट, ऑडिटवर इन्स्पेक्शन आणि इन्स्पेक्शनवर रिझर्व्ह बँक असते, तसंच हे. रानात इतकी शिस्त आहे हे कळल्यावर नानांना निवृत्त झाल्यासारखं वाटेना. फुलपाखरू निघालं तर ते आता किंचित हिरमुसतात. "सुटलं," म्हणतात, म्हणजे फाइल सुटली अशा आवाजात.

मातृदिनाला कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला. हिरवी अळी, तिच्या कुशीत तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या गोळ्यांचा पुंजका, आणि खाली मजकूर की स्वतः उपाशी राहून अंड्यांची राखण करणारी ही आई बघा, डोळ्यांत पाणी येईल. पन्नासेक हात जोडले गेले, फुलं वाहिली गेली. मग नानांचं उत्तर आलं. अळी अंडी घालत नाही, अळी हे बालक आहे. त्या गोळ्या म्हणजे गांधीलमाशीच्या पोरांचे कोष आहेत आणि ती पोरं या अळीला आतून खाऊनच बाहेर आलेली आहेत. राखण करते हे मात्र खरं. ब्राझीलमध्ये 2008 साली हे तपासलं आहे : अळी खाणं सोडते, कोषांवर उभी राहते आणि कुणी किडा जवळ आला की डोकं आपटून हाकलते. एकदोन पोरं तिच्या पोटात मागेच राहतात; तिच्या या वागण्यामागे त्यांचाच हात असावा, असा अंदाज आहे. माश्या उडाल्या की अळी मरते. खाली सही : 'सर्व मातांना शुभेच्छा.' ग्रुपवर दोन दिवस कुणी गुड मॉर्निंगसुद्धा टाकलं नाही.

श्रावणात मामांच्या गावी सप्ताह होता. कीर्तनात महाराजांनी भ्रमर-कीटकाचा दाखला घेतला. कुंभारीण माशी अळी धरून आणते, मातीच्या घरात कोंडते, आणि तिचं ध्यान करता करता अळीच भ्रमर होऊन बाहेर पडते. तसा जीव देवाचं चिंतन करता करता देवच होतो. मंडप डोलत होता. नाना उठले. मी सदरा ओढला, पण उशीर झाला होता.

"महाराज, एक दुरुस्ती. कुंभारीण अळीला डंख मारून बधिर करते आणि तिच्याजवळ अंडं ठेवते. अंड्यातलं पोर अळीला खातं. बाहेर येतं ते पोर असतं, अळी नव्हे. शिवाय ही शिकारीण, माझ्या बरणीतल्या माश्यांची तऱ्हा निराळी."

टाळ थांबले. मृदंगवाल्याने मान फिरवून नानांचे गमबूट पाहिले. महाराज हसले. "नाना, तुम्ही म्हणता अळी खाल्ली गेली. आम्ही म्हणतो अळी उरली नाही. मग भांडण कशाचं? बसा. बोला, पुंडलिक वरदे..."

परतताना गाडीत नाना गप्प. मग म्हणाले, डार्विनलाही याच माश्यांनी छळलं होतं. 1860 साली त्याने एका मित्राला पत्रात लिहिलं होतं की दयाळू देवाने जाणूनबुजून अशी माशी निर्माण केली असेल, हे मनाला पटत नाही. मागच्या सीटवरून माई म्हणाल्या, "का हो, माशीच्या पोरांनी काय बारा महिने एकादशी धरायची?"

माईंचं या सगळ्या प्रकरणाबद्दलचं मत एकदाच ऐकायला मिळालं. नानांची कीर्ती पसरली होती. पुण्याहून रविवारी तरुण मंडळी अळ्या बघायला येत, जेवत, झोपत, सोमवारी पहाटेच्या लोकलने जात. नाना माशीचं गुणगान करत होते. माई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "ती माशी शहाणीच. पोरांच्या राहण्याजेवणाची सोय करते आणि निघून जाते. आमच्याकडेही सोय आहे. निघून मात्र कुणी जात नाही."

गेल्या पावसाळ्यात कॉलनीत केसाळ सुरवंट उठले. भिंतीवर, जिन्यात, वाळत घातलेल्या टॉवेलवर. ज्यांनी बंगले शनिवार-रविवारसाठी भाड्याने दिले होते त्यांची पाहुणेमंडळी खाजवत परत गेली. सर्वसाधारण सभेत विषय आला : औषधफवारणी आणि कुंपणालगतची झुडपं साफ करणे.

नाना फाइल घेऊन उभे राहिले. अळी पान कुरतडते तेव्हा पान वास सोडतं आणि त्या वासावर माश्या अळी शोधत येतात, म्हणजे झाडांनी तक्रार केव्हाच नोंदवली आहे. फवाऱ्याने सुरवंट मरतील तशा माश्याही मरतील. सुरवंट पुन्हा येतील आणि माश्यांना यायला वेळ लागेल. झुडपं तर मुळीच तोडू नका. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतल्या बीसन यांनी 1941 सालच्या ग्रंथात सांगून ठेवलंय की सागाच्या लागवडीत खालचं रान राखा. सागावरची अळी नसते तेव्हा परोपजीवी माश्या त्या रानातल्या दुसऱ्या अळ्यांवर तगून राहतात.

सभा थोडी विरघळली होती. तेवढ्यात अध्यक्षांनी विचारलं, "पण नाना, अळ्यांनी झाडांचं नुकसान होतं की नाही?"

दुसऱ्या कुणी नाही म्हणून वेळ मारून नेली असती. नानांनी फाइलचं पान उलटलं. "होतं. केरळात निलांबूरच्या सागवनात पाहणी झाली आहे. पानं खाणाऱ्या अळीमुळे कोवळ्या सागाच्या लाकडाची वाढ 44 टक्क्यांनी घटली."

"चव्वेचाळीस!" सेक्रेटरींनी लिहून घेतलं. आपलीच केस आपणच बुडवायची ही इन्स्पेक्शनची सवय. नाना घाईने म्हणाले, "पण आपले सुरवंट वेगळे, आणि ते निम्मेअधिक आतून पोखरलेले आहेत. नमुने आणलेत." आणि त्यांनी पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली. मलमलीला वाटेत कुठेतरी भोक पडलं होतं. नमुने बरणीत नव्हते. ते पिशवीत होते, पिशवी खुर्चीवर होती, आणि खुर्चीवर आता खजिनदार होते.

गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली.

तहकूब सभा पुन्हा भरेपर्यंत पाऊस ओसरला आणि सुरवंटही. भिंतींवर काही ठिकाणी वाळकी कातडी आणि त्यांच्या कडेला रिकामे पांढरे कोष होते. नाना भिंग घेऊन घरोघर फिरले, प्रत्येक कोषाला पडलेलं गोल भोक सभासदांना दाखवलं आणि रजिस्टरमध्ये नोंद केली. सेक्रेटरींनी इतिवृत्त वाचून दाखवलं : 'सुरवंटांचा विषय सुरवंटांनी स्वतःच निकाली काढल्यामुळे पुढील कार्यवाहीची आवश्यकता नाही.'

"हरकत आहे," नाना म्हणाले. "सुरवंटांनी नाही, माश्यांनी. दुरुस्ती करा."

"नाना, माश्या सोसायटीच्या सभासद नाहीत. त्यांचं नाव इतिवृत्तात कसं घालू?"

"मग सुरवंट कुठल्या बंगल्याचे मालक आहेत?"

यावर अर्धा तास चर्चा झाली. दुरुस्ती सहा विरुद्ध पाच मतांनी मंजूर झाली. सहावं मत माईंचं. त्यांनी नंतर सांगितलं की पोळ्यांची कणीक भिजवून ठेवली होती, आणि दुरुस्ती झाल्याशिवाय हे काही घरी येणार नव्हते.